विषय नीट लिहावा

रत्नागिरी, ६ ऑक्टोबर २०२४
विषय: 'राही' या सदस्येचं बंद केलेलं खातं पुन्हा सुरू करण्याबाबत (दीपालीकडून)

हर्षद,

बघ, विषय अगदी तुझ्या नियमात बसवून लिहिला आहे. तुझ्या 'माडबाग मंचा'च्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आहे ना, ज्या पत्राच्या विषयावरून मजकूर कळत नाही ते मंचचालक उघडणार नाहीत म्हणून? तर मंचचालक महाशय, ही तुमची सख्खी थोरली बहीण आहे. तुझा जुना नंबर बंद, नवा तू दिला नाहीस. नाशिकच्या पत्त्यावर पाठवलेलं राखीचं पाकीट परत आलं. माडाला भुंगा लागला तर कुणीही ज्या पत्त्यावर लिहू शकतो, तेवढाच माझ्यासाठी शिल्लक राहिला. म्हणून या दाराने येते आहे.

काम माझं नाही. भाट्याला माझ्या ओळखीची एक वयस्क बाई आहे. तुझ्या मंचावर ती 'राही' या नावाने असते. गेल्या आठवड्यात तू तिला बंद केलंस. 'वारंवार सूचना देऊनही विषय नीट न लिहिल्यामुळे सदस्यत्व स्थगित करण्यात येत आहे.' तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष नाही. मला म्हणाली, "दीपा, मी काय कुणाला शिवी दिली गो?" 

तुझा मंच मी सगळा चाळला. खरं सांगते, कौतुक वाटलं. माड, सुपारी, जायफळ, ज्याला जे अडलं ते तो विचारतो, आणि कुठला कोण उठून त्याला नीट उत्तर देतो. त्या सगळ्यांत तू दारात काठी घेऊन उभा. कुणी 'मदत हवी' एवढंच वर लिहिलं की तू हजर: 'कृपया विषयात पीक, वय, लक्षण आणि ठिकाण लिहावे. शीर्षकावरून प्रश्न कळला तरच जाणकार माणूस तो उघडतो.' मला हसू आलं. शाळेतून आल्यावर तुझी एक चप्पल ओटीवर आणि दुसरी विहिरीपाशी सापडायची, तो तू हाच ना?

नियम बरोबरच आहे. पत्र न उघडता आत काय आहे ते कळलं तर माणसाचा वेळ वाचतो. पण एका म्हातारीसाठी तो जरा वाकवलास तर तुझा मंच काही खाडीत बुडणार नाही. तिला परत आत घे.

आई बरी आहे. पोटाचं अधूनमधून असतं, वयाप्रमाणे चालायचंच.

तुझी,
ताई


रत्नागिरी, २० ऑक्टोबर २०२४
विषय: मंचचालकांच्या उत्तराबद्दल तक्रार, आणि बाबांच्या वेळची माझी बाजू

हर्षद,

तुझं उत्तर मिळालं. 'आपली विनंती प्राप्त झाली. संबंधित सदस्याने स्वतः अर्ज करावा.' खाली नाव नाही, नुसतं 'मंचचालक'.

आपली! अरे, तुझी नाकं पुसली आहेत मी. सुरंगीच्या झाडावरून पडलास तेव्हा तुला पाठुंगळी घेऊन दवाखान्यापर्यंत धावत कोण गेलं होतं? मला 'आपली' म्हणतोस? पतपेढीत कामावर बसल्या बसल्या ते उत्तर वाचलं आणि समोरच्या खातेदारावर उगाचच खेकसले.

राग उतरल्यावर वाटलं, तू असा का झालास ते मला माहीत आहे, तर बोलूनच टाकावं. तुझी बाजू तुला पाठ असेल. आता एकदा माझी ऐक.

बाबांची तब्येत एकदम ढासळली तेव्हा आईने तुला फोन केला. काय म्हणाली? "बाबांना जरा बरं नाहीसं आहे. सवड झाली की ये." मी शेजारीच उभी होते. डॉक्टर काय म्हणाले होते ते आम्हाला दोघींनाही ठाऊक होतं. पण तू लांब, एकटा, हातचं काम टाकून धावत निघणार, वाटेत जेवणार नाहीस, कुठेतरी धडपडशील, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे होतं. आपल्याकडे लांबच्या माणसाला वाईट बातमी अशीच सांगतात. आजीच्या वेळी बाबांनाही मुंबईत असंच कळवलं होतं. बाबांना ते कळलं, कारण त्यांना ही भाषा येत होती. 'जरा बरं नाही' म्हणजे निघ, 'जरा जास्त आहे' म्हणजे संपलं. तुला ती येत नव्हती, आणि ते आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

बाबा गेल्यावरही लवूकाकांनी तुला "जरा जास्त आहे, निघून ये" एवढंच सांगितलं. प्रवासातल्या माणसाला मेल्याची बातमी द्यायची नाही ही रीत त्यांनी पाळली. आणि तू बाबांना आवडतात म्हणून द्राक्षं घ्यायला थांबलास. गाडी चुकली. आम्ही संध्याकाळपर्यंत वाट बघितली, मग लोक म्हणाले आता ठेवता येणार नाही. काकांच्या स्वरूपने अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू द्राक्षांची पेटी घेऊन अंगणात आलास आणि तुला ओटीवर बसलेली माणसं दिसली. तुझा चेहरा मी विसरलेले नाही.

सगळ्यांच्या देखत तू आईला म्हणालास, "या घरात मला कुणी काही खरं सांगत नाही. मला तुमच्यात धरू नका." तेराव्यालाही थांबला नाहीस.  द्राक्षं आईने कुणाला खाऊ दिली नाहीत आणि टाकूही दिली नाहीत.

तुझा राग खोटा आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण तिने ते तुला फसवायला केलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

आता त्या राहीबद्दल. ती अर्ज करणार नाही. तिला अर्ज करता येतो की नाही हा प्रश्नच नाही. तिला तुझ्याकडून काही मागायचं नाही. तू फक्त दार उघड.

ताई


रत्नागिरी, ३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज
विषय: राही म्हणजे आपली आई

हर्षद,

तिने मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती. ती आज मोडली. संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. खाली आले, तबक ठेवलं आणि हे लिहायला बसले.

राही हे आईचं माहेरचं नाव. लग्नात बाबांच्या घरच्यांनी आनंदी ठेवलं. आपण शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर कायम आनंदीच लिहीत आलो. तुला राही माहीत असण्याचं कारण नाही. मलाही एकदा वेळणेश्वरला तिच्या मामांकडे गेलो होतो तेव्हा कळलं होतं.

माझ्या लेकीने, संस्कृतीने, तिला फोन शिकवला. देवीच्या आरत्या ऐकायला म्हणून. त्यात कुठेतरी माडाचं काही बघताना तिला तुझा मंच सापडला आणि खाली तुझं नाव दिसलं. मला घाईघाईने बोलावून घेतलं. म्हणाली, "बघ, इथं हर्षा सगळ्यांशी बोलतो." मग दिवसभर ती नुसती वाचत बसली. खेड-चिपळूणच्या लोकांना तू काय काय सांगतोस ते.

पहिला प्रश्न तिने विहिरीजवळच्या माडाबद्दल टाकला, बोंडं गळतात म्हणून. आणि विषयाच्या रकान्यात लिहिलं, '॥ श्री ॥'. पत्राच्या वर तेच लिहितात ना! तिला वाटलं तो रकाना त्याच्यासाठीच ठेवलाय. अर्थात कुणी उघडलं नाही. मग तू आलास. 'नमस्कार. विषयाच्या रकान्यात प्रश्न थोडक्यात लिहावा. शीर्षकावरून मजकूर कळला पाहिजे.'

हर्षा, इतक्या वर्षांत तुझा तिला आलेला हा पहिला शब्द. ती पोरीसारखी हसत होती. मला फोनवर वाचून दाखवलं, लवूकाकांना घरी जाऊन दाखवलं. "नमस्कार म्हणालाय," म्हणाली.

मग तिने तू सांगितलंस तसा विषय लिहिला. नारळ, फळगळ, रत्नागिरी, सगळं नीट. तासाभरात वेळणेश्वरच्या कुणा गंगारामांनी उत्तर दिलं. मिठाचं, खताचं, पाण्याचं, एकदम बरोबर. वर दोघांनी त्याला दुजोरा दिला. प्रश्न सुटला. तू आलाच नाहीस. तुला यायचं कारणच उरलं नव्हतं.

आई संध्याकाळपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसली होती. मग मला म्हणाली, "बरोबर लिहिलं की ह्यो गंगाराम येतो गो. चुकलं की हर्षा येतो."

कळलं आता? पुढचे सगळे तिने मुद्दाम लिहिले. 'एक विचारायचं होतं.' 'तेच मागचं.' 'माडाबद्दल.' 'सहज.' दर वेळी तू यायचास आणि तिला समजावायचास. तिला तुझी सगळी वाक्यं पाठ आहेत. एकदा तू 'कृपया' लिहिलं नाहीस तर म्हणाली, "आज चिडलाय. उपाशी असणार." एकदा तू चार ओळी लिहिल्यास, की विषय म्हणजे घराच्या दारावरची पाटी, पाटीच नसेल तर येणारा माघारी जातो. ते तिने जेवताना मला दोनदा ऐकवलं. "किती छान लिहितो बघ," म्हणाली. आणि तुझी चिडचिड वाढत गेली तशी ती मनातून खूश होत गेली, कारण तू लवकर लवकर यायला लागलास.

मग तू तिला बंद केलंस.

मी तिला म्हटलं, सरळ नाव सांग ना त्याला. तर म्हणाली, "नाय गो. आई म्हणून कळलं तर जाईल परत. राहीवर नुसता ओरडतो तरी."

तुला रडवायला हे लिहिलेलं नाही. तरी रडू आलं तर येऊ दे, मला काही वाईट वाटणार नाही.

ताई


रत्नागिरी, २४ नोव्हेंबर २०२४
विषय: खातं सुरू केल्याबद्दल, आणि राहीला 'काळजी घ्यावी' असं न लिहिण्याबद्दल

हर्षा,

मला उत्तर दिलं नाहीस, पण खातं उघडलंस. पोचलं.

आईने त्याच दुपारी प्रश्न टाकला. विषय: 'परत आले'. यावर तू काय म्हणशील म्हणून मीही धाकधुकीत होते. तू लिहिलंस, 'स्वागत आहे. विषय नीट लिहिला नाहीत तरी चालेल. तब्येतीची काळजी घ्यावी.'

अरे शहाण्या! तिने ते वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "हे हर्षानं नाय लिहिलेलं. 'चालेल' म्हणतो होय तो कधी?" मग माझ्याकडे रोखून बघितलं. "कोणी सांगितलंन तेला काय?" मी म्हटलं, मला काय माहीत, असेल आज मूड चांगला. पटलं नाही तिला. दोन दिवस काही लिहिलं नाही.

तेव्हा हात जोडून सांगते, पूर्वीसारखाच ओरड. नियम दाखव. ती 'सहज' म्हणून लिहील, तू 'सहज म्हणजे काय ते स्पष्ट करावे' असं लिही. आपल्या आईला गोड बोलणं कळत नाही असं नाही, तिला ते नको तितकं लवकर कळतं. आपल्या घरात कुणी एकाएकी मऊ बोलायला लागलं की समोरचा आधी घाबरतो.

तू नंतर दुरुस्त केलंस, पाहिलं मी. काल 'विषय अपूर्ण आहे, ही शेवटची सूचना' असं लिहिलंस. ती केवढी हसली! "आला ताळ्यावर," म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

पोट तिचं अजून दुखतं. कोल्हापूरला दाखवून आणलं. अल्सर आहे म्हणाले, औषधं चालू आहेत. तू त्यातलं काही मंचावर बोलू नकोस.

ताई


रत्नागिरी, २० डिसेंबर २०२४
विषय: आईला पोटाचा कॅन्सर आहे, डॉक्टरांच्या मते थोडेच दिवस उरले आहेत, लगेच निघून ये

हर्षा,

वर लिहिलं आहे ते सगळं खरं आहे. अल्सर नाही. मागच्या पत्रात तुझ्याशी खोटं बोलले, कारण तेव्हा मी स्वतःशीही तेच बोलत होते. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की यकृतापर्यंत गेलंय, ऑपरेशनचा उपयोग नाही, घरी न्या आणि दुखणार नाही एवढं बघा.

विषय लिहायला मला खूप वेळ लागला. आधी 'आईच्या तब्येतीबद्दल' लिहिलं. मग 'तब्येत जरा जास्त' लिहिलं आणि पुसलं. मग तुझाच नियम काढून वाचला: काय, कुणाला, किती, कुठे. त्याप्रमाणे लिहिलं. लिहून झाल्यावर त्या एका ओळीकडे बघवेना.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला आम्ही अल्सरच सांगितलंय, आणि तिने ते धरून ठेवलंय. आंब्याच्या दिवसांपर्यंत बरी होईन म्हणते. तेव्हा तू आलास की काही बोलू नकोस. कामासाठी आलो म्हण. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात काम होतं, म्हटलं घरी डोकावून जावं, असं काहीतरी सांग. रडू नकोस. तिच्या हाताकडे बघत बसू नकोस, फार बारीक झाले आहेत.

पूर्वीचं मनात असेल ते असू दे. पण या वेळी तुला कुणी अंधारात ठेवलं नाही. आता यायचं की नाही ते तू ठरव.

ताई


रत्नागिरी, २३ फेब्रुवारी २०२५
विषय: तू आलास त्याच दुपारी आईला सगळं कळलं होतं

हर्षा,

नाशिकला पोचल्यावर लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. खाली 'मंचचालक' नाही, 'तुझा हर्षा' आहे. ते बघून मी देवापुढे साखर ठेवली.

तू लिहितोस, 'या वेळी मी वेळेवर पोचलो. अग्नी मी दिला. आणि सगळ्यांत मोठं समाधान म्हणजे आईला शेवटपर्यंत काही कळलं नाही. आपण दोघांनी ते नीट सांभाळलं.' हे वाचलं आणि उत्तर लिहायचं टाळत राहिले. तुला त्या समाधानात राहू द्यावं असं फार वाटलं. पण ज्या गोष्टीपायी तू इतकी वर्षं घर सोडून राहिलास, तीच मी परत करायची का? म्हणून सांगते.

तू आलास तेव्हा ती ओटीवर कुळीथ निवडत बसली होती. तू फाटकातून आत आलास, ती म्हणाली, "आलास?" तू म्हणालास, "हो, इथल्या केंद्रात काम होतं, म्हटलं डोकावून जावं." ती म्हणाली, "बरं केलंस. हातपाय धू, भात टाकते." तुझ्या पाठीवरून तिने हात फिरवला, आणि तू विहिरीवर गेलास. तू तिथे बराच वेळ तोंडावर पाणी मारत होतास. मला वाटलं, जमलं.

आईने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढं झालंय होय गो माझं?"

मी म्हटलं, काय झालंय? काही नाही झालेलं.

म्हणाली, "आज रविवार. केंद्राचं फाटक बंद असतं."

 रोज सकाळी ती त्या फाटकावरून चालत जायची, तिला ते माहीत नसणार का? मी तुला कारण शिकवलं आणि वार बघितला नाही. पण तू दुसरं काहीही सांगितलं असतंस तरी तिला कळलंच असतं. इतक्या वर्षांनी दाढी न करता, एक लहानशी पिशवी घेऊन, न कळवता तू दारात उभा राहिलास. तेवढं तिला पुरे होतं. तू यावास म्हणून ती कितीतरी दिवस झुरत होती, आणि आलास तेव्हा तुझ्या येण्यानेच तिला कळलं की आपण जाणार.

मी रडायला लागले तशी माझ्यावर डाफरली. "गप. तो येईल आता. आणि मला कळलंय म्हणून तेला बोलू नको. हसतोय तर हसू दे."

मग तू आलास, आणि ती तुला तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं वाढायला उठली. मी नको म्हटलं तर ऐकलं नाही.

आता मागचे दिवस आठव. तिने तुझ्याकडून विहिरीच्या पलीकडे खड्डे खणून घेतले. पावसाळ्यात रोपं लावू म्हणाली. तू रात्री मला म्हणालास, "ताई, तिला खरंच वाटतंय गं ती असेल," आणि पडवीत जाऊन बसलास. तिला तसं वाटत नव्हतं. तुला काहीतरी काम हवं होतं आणि बोलायला विषय हवा होता, म्हणून ती रोज सकाळी काहीतरी काढायची. मंचावरच्या कुणा राहीने तुला किती छळलं ते तू तिला थट्टेने सांगायचास. "असते एकेक वेंधळी," म्हणायची आणि पदराआडून मला डोळा घालायची. तू तिच्यापुढे नाटक करत होतास आणि ती तुझ्यापुढे. मी मध्ये, दोघांचीही सोंगं सांभाळत बसलेली.

मी एकदा तिला विचारलं. तू माडावर चढणाऱ्या विठूबरोबर नारळ उतरवून घ्यायला गेला होतास. म्हटलं, आई, आता तरी बोला ना एकमेकांशी मोकळं. त्याला खरं न सांगितलेलं आवडत नाही, तुला माहीत आहे. उद्या तो मला खाऊन टाकील.

तिने माडाखाली उभ्या असलेल्या तुझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तेव्हा आपण तेला सांगितलं नाय म्हणून चिडला. आता तो मला सांगत नाय. बघ कसा जिवाचं पाणी करून सांगत नाय." पुढे म्हणाली, "आता कळंल तेला, मी तेव्हा का नाय सांगितलं ता."

एवढंच बोलली. त्यानंतर त्यावर कधीच बोलली नाही.

हे तुला न सांगता ठेवलं असतं तर तू सुखात राहिला असतास, आणि ती तुला काय म्हणाली ते तुला कधीच कळलं नसतं. आता वाटेल तेवढा चीड माझ्यावर. फोन कर आणि ओरड. नवा नंबर माझ्याकडे आहे, तूच दिलायस, मी उचलीन.

तुझी,
ताई